एकाच निळ्या ठिपक्यातून लक्ष आणि धास्ती

मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जू सुरू होतो त्याच्या जरा वर, निळसर रंगाचा एक ठिपका असतो. त्याचं नाव लोकस सेरुलियस. पेशी जेमतेम काही दहा हजार, पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले. तिथून नॉरएपिनेफ्रिन नावाचं रसायन मेंदूला मिळतं. ते बेताचं असलं की लक्ष लागतं. फार झालं की छाती धडधडू लागते. लक्ष आणि धास्ती, दोन्हींचा कारभार एवढ्याशा जागेतून चालावा, याचं मला आजही नवल वाटतं.

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्यातला विकार, आणि अँग्झायटी, म्हणजे चिंता, ही जोडी वरवर विजोड दिसते. एकीत गोष्टी डोक्यात राहत नाहीत, दुसरीत डोक्यातून जात नाहीत. तरी दोघी वारंवार एकाच घरात नांदतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत एडीएचडी असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना त्याच वर्षात कुठला ना कुठला चिंताविकारही होता.

असं का होत असावं, याचा एक धागा येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टेन यांच्या संशोधनात सापडतो. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आपली कामं आखतो, मन आवरतो. नॉरएपिनेफ्रिन बेताचं असताना ते तिथल्या अल्फा-२ए ग्राहींना, म्हणजे रसायन पकडणाऱ्या पेशींवरच्या जागांना, चिकटतं आणि पेशींची जोडणी घट्ट होते. ताणात तेच रसायन उसळतं, अल्फा-१ ग्राहींना जाऊन भिडतं आणि जोडणी सैल पडते. विचार मागे सरतो, भीती पुढे येते. एडीएचडीत हा बेत मुळातच बिघडलेला असतो, असं अनेक संशोधक मानतात.

आता टेबलावर महिनाभर पडलेला एक अर्ज घ्या. रोज दिसतो, रोज पोटात गोळा येतो, हात मात्र त्याला लागत नाही. शेवटच्या रात्री अकरा वाजता भीती एवढी चढते की मन एकदम ताळ्यावर येतं आणि तासाभरात अर्ज भरून होतो. घरचे म्हणतात, "बघ, मनावर घेतलं की जमतं तुला!" पण मनावर तर महिनाभर होतंच. कमी पडणारं रसायन त्या रात्री भीतीने पुरवलं, एवढंच. ती आणखी थोडी चढली असती, तर त्याच माणसाला स्वतःचा पिनकोड आठवला नसता.

विसरण्यावरून लहानपणापासून बोलणी खाल्लेली माणसं पुढे गॅसचं बटण तीनदा तपासतात, गाडीच्या तासभर आधी स्टेशन गाठतात. बाहेरून ही शिस्त वाटते. त्यामुळे कित्येकांचं, विशेषतः मुलींचं आणि बायकांचं, एडीएचडी वर्षानुवर्षं झाकलेलं राहतं आणि उपचार फक्त चिंतेवर होतात.

दोन्ही ओळखली गेली, की वाटा उघडतात. १९९९ साली निकाल आलेल्या, एडीएचडीच्या उपचारांची तुलना करणाऱ्या एमटीए अभ्यासात ५७९ मुलं होती. एडीएचडीच्या जोडीला चिंता असलेल्यांना वर्तनोपचारांचा विशेष फायदा झाला. ग्वानफासिन हे मुळात रक्तदाबाचं औषध, पण ते नेमकं त्या अल्फा-२ए ग्राहींवरच काम करतं, म्हणून एडीएचडीतही वापरलं जातं. कुणाला काय द्यायचं, हे मनोविकारतज्ज्ञ ठरवतील. जवळच्यांनी मात्र एक करावं: काम वेळेत झालं का, हे विचारताना त्यासाठी किती घाबरावं लागलं, हेही विचारावं.