घरातल्या भाषांची नोंद

भाट्ये गावातील बौद्ध मूल घरी बोली बोलते, शाळेत प्रमाण मराठी लिहिते, विहारात पाली वंदना म्हणते आणि खाडीपलीकडे राजिवड्याच्या बाजारात मुस्लिम मच्छीमारांची कोकणी ऐकते. ही बहुभाषिकता आम्ही क्वचितच नोंदवतो.

ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कोकणातील बोलींचे नमुने आहेत. मात्र त्या सर्वेक्षणाचा मुख्य नमुना बायबलमधील एकाच कथेचे भाषांतर हा होता. आमच्या वाडवडिलांचे जगणे त्यातून कळत नाही. ते आम्हीच नोंदवले पाहिजे.

त्यासाठी मोबाईल पुरेसा आहे. आधी संमती घ्यावी. आजीला विचारावे: मुंबईत कोणती भाषा शिकलीस? कोणत्या शब्दावरून लोक हसले? तिचे शब्द सुधारू नयेत. शेवटी नाव, गाव व दिनांक उच्चारून ठेवावा.

बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ मराठीत काढला, अर्थशास्त्रावरील ग्रंथ इंग्रजीत लिहिले, पालीचा कोशही रचला. जी बोली ‘गावठी’ म्हणून हिणवली गेली, तिच्यातच आमच्या वडीलधाऱ्यांच्या अपमानाच्या आणि धम्मदीक्षेच्या आठवणी आहेत. १९५६ पाहिलेली पिढी आता थकली आहे. माजी विद्यार्थ्यांनी येत्या सुटीत एक तरी संभाषण ध्वनिमुद्रित करावे, ही विनंती.