चलाची हद्द

जावास्क्रिप्ट शिकूं लागलेल्या मुलांना हटकून अडविणारें एक कोडें आज उलगडावयाचें आहे. आम्हां देवनारकरांच्या परिचयाचें उदाहरण घेऊं. हार्बर मार्गावर चेंबूर, गोवंडी, मानखुर्द हीं स्थानकें ओळीनें येतात. हीं तीन नांवें यादींत लिहून, एकेका सेकंदाच्या अंतरानें पडद्यावर उमटवावयाचीं आहेत. नवशिका विद्यार्थी 'फॉर'चें आवर्तन लिहितो, त्यांत 'व्हार' या शब्दानें 'आय' नांवाचें चल घोषित करतो आणि नांव उमटविण्याचें काम 'सेट-टाइमआउट'कडे सोंपवितो. पडद्यावर मात्र 'अन्डिफाइन्ड' हा शब्द तीनदां येतो! चूक दाखविणारी सूचना नाहीं, कांहीं नाहीं. मुलाला वाटतें, आपल्यालाच हें जमत नाहीं.

'व्हार'नें घोषित केलेलें चल सबंध फंक्शनचें असतें. आवर्तनाच्या महिरपी कंसाला तें जुमानीत नाहीं. म्हणजे तीनहि फेऱ्यांना मिळून पाटी एकच. यादींतील क्रमांक ०, १, २ असे असतात. आवर्तन क्षणार्धांत आटोपतें, तेव्हां पाटीवर ३ उरतो. मागाहून तीनहि कामें तीच पाटी वाचतात, आणि क्रमांक ३ वर यादींत कांहींच नसतें. गंमत अशी कीं, सेकंदांचें अंतर बरोबर पडतें. कारण तो हिशेब फेरी चालूं असतांनाच होऊन जातो.

ब्रेंडन आयक यांनी १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत ही भाषा घाईघाईनें रचली, तेव्हां कंसापुरतें चल तींत नव्हतें. २०१५ च्या आवृत्तींत 'लेट' आला. आवर्तनाच्या कंसांत 'व्हार'ऐवजीं 'लेट' लिहिलें कीं प्रत्येक फेरीला स्वतंत्र पाटी मिळते, आणि नांवें यथाक्रम उमटतात. त्यापूर्वीं लोक प्रत्येक फेरीसाठीं निराळें फंक्शन रचून हेंच साधीत. क्रमांकाची गरजच नसेल तेथें 'फॉर-ऑफ' अधिक सुटसुटीत, असें माझें मत.

मात्र जुना मजकूर सुधारतांना सरसकट शब्द बदलूं नयेत. 'लेट' आवर्तनाच्या बाहेर, वरच्या ओळींत लिहिला, तर पुन्हां पाटी एकच! आणि आवर्तन संपल्यावर 'आय'ची किंमत कोठें वापरली असेल, तर नव्या मजकुरांत तें नांव तेथें सांपडणारच नाहीं. काम तेथेंच थांबेल. पण निदान या वेळीं यंत्र कोणती ओळ चुकली तें सांगतें.