विश्लेषण : ‘ड्रिल’ रॅप कला आहे की गुन्ह्याचा पुरावा? शिकागोच्या गल्लीतला आवाज कोर्टापर्यंत कसा पोहोचला?

आजीच्या घराचा हॉल, उघड्या अंगाने उड्या मारणारी दहा-पंधरा पोरे, एक साधा कॅमेरा. मार्च २०१२ मध्ये यूट्यूबवर आलेल्या ‘आय डोन्ट लाइक’ या व्हिडिओत याहून फारसे काही नव्हते. गाणारा चीफ कीफ तेव्हा १६ वर्षांचा होता. बंदुकीच्या एका प्रकरणात न्यायालयाने त्याला घरातच नजरकैदेत ठेवले होते, म्हणून चित्रीकरण घरात झाले. दोन महिन्यांत कान्ये वेस्टने या गाण्याचे रिमिक्स केले आणि शिकागोच्या दक्षिण भागातील ‘ड्रिल’ हा शब्द जगभर गेला. आज लंडन, न्यूयॉर्कपासून पंजाबी गाण्यांपर्यंत त्याचे ठेके ऐकू येतात. मात्र या प्रकारातील अनेक नावांच्या मागे मृत्यूची तारीख लागलेली आहे.

ड्रिल म्हणजे काय?

शिकागोच्या रस्त्यावरच्या बोलीत ‘ड्रिल’ म्हणजे गोळीबार किंवा बदला. म्हणजे हिंसा या संगीतात नंतर आली नाही, ती नावातच आहे. संथ, जड ठेका, अंधारी सुरावट आणि जवळजवळ निर्विकार आवाजातले रॅप ही त्याची ओळख. पारंपरिक हिप-हॉपमधला शब्दांचा खेळ इथे कमी. वाक्ये छोटी, तुटक. गाणारा गोष्ट रंगवून सांगत नाही, नोंद केल्यासारखी सांगतो. त्यामुळेच ऐकणाऱ्याला ती खरी वाटते.

लंडनमध्ये गेल्यावर ठेका बदलला. वेग मिनिटाला साधारण १४० बीट्सपर्यंत गेला आणि ‘८०८’ बेस एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ लागला. (रोलँड या जपानी कंपनीच्या १९८० मधील टीआर-८०८ या ड्रम मशीनवरून हे नाव पडले.) स्नेअरचा ठोका अपेक्षित जागी न पडता पुढे सरकतो आणि ऐकणारा सतत किंचित अस्वस्थ राहतो. हेडफोन लावून ऐकले तर हे लगेच कळते. मोबाइलच्या स्पीकरवर निम्मी गंमत जाते.

शिकागोच का?

या शहराने २००० पासून जुन्या सरकारी वसाहती पाडण्याची मोठी योजना राबवली. १६ मजल्यांच्या २८ इमारतींची ‘रॉबर्ट टेलर होम्स’ ही वसाहत २००७ पर्यंत जमीनदोस्त झाली. तिथली कुटुंबे शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागांत विखुरली. जुन्या मोठ्या टोळ्यांचे नेते तुरुंगात होतेच. उरलेल्या पोरांचे चौकाचौकांतले छोटे गट झाले, त्यांच्यावर कोणाचा वचक राहिला नाही. त्याच काळात प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन आला. २०१२ मध्ये शिकागोत पाचशेहून अधिक खून झाले.

‘ओ ब्लॉक’ हे ड्रिलमधले सर्वात गाजलेले ठिकाण म्हणजे पार्कवे गार्डन्स ही वसाहत. २०११ मध्ये मारल्या गेलेल्या २० वर्षांच्या एका तरुणाच्या नावावरून तिला हे टोपणनाव मिळाले. मिशेल ओबामा तान्ह्या असताना त्यांचे कुटुंब याच वसाहतीत राहत होते. तेव्हा तिची ओळख वेगळी होती, हे सांगायला नको.

गाणे आणि गोळी यांचा संबंध खरा आहे का?

काही घटनांत तो नाकारता येत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये लिल जोजो हा १८ वर्षांचा रॅपर सायकलच्या मागे उभा राहून जात असताना मारला गेला. त्याने चीफ कीफच्या गटाला डिवचणारे गाणे काढले होते आणि मृत्यूच्या काही तास आधी आपला ठावठिकाणा ट्विटरवर टाकला होता. ऑगस्ट २०२० मध्ये एफबीजी डक शिकागोच्या उच्चभ्रू ओक स्ट्रीटवर खरेदीला आला असताना भरदिवसा त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. या खटल्यात जानेवारी २०२४ मध्ये सहा जण दोषी ठरले. डकच्या हत्येनंतर तीनच महिन्यांनी ‘ओ ब्लॉक’चा किंग व्हॉन अटलांटात मारला गेला. मृतांची खिल्ली उडवणारी गाणी दोन्ही बाजूंनी येत होती आणि त्यांना लाखो व्ह्यूज मिळत होते.

पण एवढ्यावरून ‘गाण्यामुळे खून’ असे समीकरण मांडणे सोपे असले तरी पुरेसे नाही. समाजशास्त्रज्ञ फॉरेस्ट स्टुअर्ट यांनी शिकागोतील अशाच एका गटासोबत प्रत्यक्ष वावरून ‘बॅलड ऑफ द बुलेट’ हे पुस्तक २०२० मध्ये प्रसिद्ध केले. व्हिडिओतला बराचसा दरारा बनावट असतो, असे त्यांना दिसले. बंदुका आणि गाड्या उसन्या आणलेल्या, पराक्रम फुगवून सांगितलेले. कारण सरळ आहे. नोकऱ्या नाहीत, शाळा सुटलेली, आणि इंटरनेटवर ‘धोकादायक’ दिसण्याला बाजारभाव आहे. व्ह्यूज वाढले की बाहेरगावचे हौशी रॅपर आपल्या गाण्यात चार ओळी गाण्यासाठी पैसे देतात. खरेदीदार बहुतेक दूर, सुरक्षित घरांत बसलेले.

अडचण अशी की फुगवलेली प्रतिमा नंतर काढून ठेवता येत नाही. विरोधी गटातला मुलगा बसस्टॉपवर गाठून ‘आता दाखव’ म्हणतो. पोलीस आणि सरकारी वकील तोच व्हिडिओ कबुलीजबाब म्हणून समोर ठेवतात. बढाई मारणाऱ्याला तिची किंमत खऱ्या गुन्हेगारासारखीच मोजावी लागते. या सगळ्यात रेकॉर्ड कंपन्यांवर मात्र क्वचितच बोलले जाते. चीफ कीफला इंटरस्कोपने १७ व्या वर्षाच्या आत करारबद्ध केले. त्याच सुमारास ‘पिचफोर्क’ या संगीत संकेतस्थळाने त्याची मुलाखत चक्क शूटिंग रेंजवर चित्रित केली. संकेतस्थळाने व्हिडिओ नंतर काढून टाकला. पण प्रोबेशनचा भंग झाला म्हणून जानेवारी २०१३ मध्ये ६० दिवसांची कोठडी मुलाला झाली.

मग यात कला कुठे आहे?

जी हर्बोच्या गाण्यांत ती ठळक दिसते. ठेका तोच, पण विषय बदलत गेला. गोळीबार पाहत मोठ्या झालेल्या मुलाला झोप का लागत नाही, मित्रांचे फोटो असलेले टी-शर्ट कपाटात किती जमले, असे. त्याच्या २०२० मधील अल्बमचे नावच ‘पीटीएसडी’ आहे आणि त्याच वर्षी त्याने शिकागोतील कृष्णवर्णीय तरुणांना मानसोपचार मिळावेत म्हणून उपक्रम सुरू केला. पोलो जीने याच मुशीतून गेय, हळवे रॅप काढले आणि २०२१ मध्ये ‘रॅपस्टार’ बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावर नेले. लिल डर्कची कथा दोन्ही टोके एकाच वर्षात दाखवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ‘ऑल माय लाइफ’साठी ग्रॅमी मिळाले. ऑक्टोबरमध्ये सुपारी देऊन हत्या घडवल्याच्या आरोपाखाली त्याला अटक झाली. त्याने आरोप नाकारले आहेत.

शिकागोतच दुसरा रस्ताही होता. हॅरल्ड वॉशिंग्टन ग्रंथालयातील ‘यूमीडिया’ या किशोरांसाठीच्या केंद्रात ओपन माइक चालत. चान्स द रॅपर, नोनेम, साबा, मिक जेन्किन्स तिथे घडले. म्हणजे एकाच शहरातल्या, जवळपास एकाच वयाच्या मुलांपैकी काहींना सार्वजनिक ग्रंथालयात माइक मिळाला आणि काहींना फक्त आजीचा हॉल. सगळा फरक यानेच पडला असे म्हणता येणार नाही, पण चर्चेत हा मुद्दा सहसा येत नाही.

पोलिसांनी काय केले?

सर्वात कडक प्रयोग लंडनमध्ये झाला. २०१८ मध्ये चाकूहल्ले वाढले, तेव्हा मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या सांगण्यावरून यूट्यूबने सुमारे ३० व्हिडिओ हटवले. जानेवारी २०१९ मध्ये स्केंगडो आणि एएम या जोडीला नऊ महिन्यांची निलंबित शिक्षा झाली. कारण मनाई असलेले गाणे त्यांनी कार्यक्रमात गायले. डिग्गा डी या रॅपरवर तर नवे गाणे अपलोड केल्यास २४ तासांत पोलिसांना कळवण्याचे बंधन होते.

पुढे मेटाच्या निरीक्षण मंडळाने आकडे उघड केले. जून २०२१ ते मे २०२२ या काळात लंडन पोलिसांनी विविध कंपन्यांना संगीतविषयक २८६ विनंत्या पाठवल्या. सर्वच्या सर्व ड्रिलबद्दल होत्या आणि त्यातील २५५ मान्य झाल्या. इन्स्टाग्रामवरून हटवलेले एक गाणे परत ठेवावे, असा निर्णय मंडळाने दिला. त्या गाण्यात हिंसेची धमकी असल्याचा पुरेसा पुरावा नव्हता. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२२ मध्ये कायदा केला. गाण्याच्या ओळी पुरावा म्हणून घेण्याआधी त्या सर्जनशील अभिव्यक्ती आहेत का, याचा विचार न्यायाधीशांना आता करावा लागतो.

बंदीने ड्रिल थांबले नाही. मे २०२१ मध्ये टियॉन वेन आणि रस मिलियन्स यांचे ‘बॉडी’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले.

भारताशी काय संबंध?

याच टियॉन वेनसोबत सिद्धू मूसेवालाने २०२१ मध्ये ‘सेलिब्रिटी किलर’ केले होते. २९ मे २०२२ रोजी पंजाबच्या मानसा जिल्ह्यात मूसेवालाची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये पंजाब सरकारने शस्त्रांचे उदात्तीकरण करणाऱ्या गाण्यांवर बंदी घातली. महाराष्ट्रात चित्र निराळे आहे. मुंबईचा डिव्हाइन किंवा पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा एमसी स्टॅन यांच्या गाण्यात वस्ती आहे, शिव्या आहेत, भांडणे आहेत. पण टोळीयुद्धाची थेट हजेरी नाही. एप्रिल २०२३ मध्ये दोन मराठी रॅपरवर गुन्हे दाखल झाले ते सत्ताबदल आणि राजकारण्यांवरील गाण्यांसाठी. बंदुकीचा उल्लेख हा तिथे मुद्दाच नव्हता.

चीफ कीफ आता कुठे आहे?

जुलै २०१५ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातून होलोग्रामद्वारे मदतनिधीसाठी कार्यक्रम करायचे ठरवले. गोळीबारात बळी गेलेला त्याचा मित्र आणि त्याच घटनेनंतर पळणाऱ्या गाडीखाली सापडलेले बाळ यांच्या कुटुंबांसाठी हा कार्यक्रम होता. शिकागोच्या महापौर कार्यालयाने विरोध केल्यावर तो शेजारच्या इंडियाना राज्यातील हॅमंड शहरात हलवला. तिथे प्रकाशाने बनलेला चीफ कीफ मंचावर आला, हिंसा थांबवा म्हणाला आणि पहिलेच गाणे संपताच पोलिसांनी वीज तोडून कार्यक्रम बंद केला. प्रत्यक्ष माणूस शिकागोच्या वेशीवर मंचावर उभा राहिला तो जून २०२४ मध्ये, ब्रिजव्ह्यू उपनगरातल्या महोत्सवात. तेव्हा तो २८ वर्षांचा होता.