ऑनलाइन जुनी बंदूक : स्वस्त कुठे पडते आणि महाग कुठे

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसमधल्या एका मुलाने मला फोनवर एक फोटो दाखवला. काळं पिस्तूल, बाजूला दोन मॅगझिन, किंमत ४०० डॉलर. "दादा, नवीन सहाशेच्या वर आहे. विकणारा इथलाच, प्लेनोचा. शनिवारी पार्किंग लॉटमध्ये भेटायचं म्हणतोय. घेऊ का?"

मी पिस्तुलाकडे पाहिलंच नाही. त्याला विचारलं, "तुझा व्हिसा कोणता?"

तो एच-वन बीवर आहे. आणि हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता. टेक्सासमध्ये राहणाऱ्या आपल्यातल्या पुष्कळांना तो कुणी विचारत नाही, म्हणून आजचा विषय घेतला. मी स्वतः हौशी नेमबाज आहे. शनिवारी सकाळी मातीच्या तबकड्या उडवायला जातो, आणि माझी १२ बोअरची दुनळी मी ऑनलाइनच, जुनी घेतलेली आहे. त्यामुळे 'घेऊच नका' असं सांगायला मी बसलेलो नाही. पण ज्यांना घेता येते त्यांच्यासाठी एक गोष्ट आहे आणि ज्यांना घेता येत नाही त्यांच्यासाठी अगदी वेगळी. आधी दुसरी सांगतो, कारण तिथे नुसते पैसे जात नाहीत.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा गुन्हा आहे. यात एच-वन, एच-फोर, एल-वन, एफ-वन सगळे आले. तुमच्याकडे येणारे आई-बाबा बी-टू व्हिसावर असतात, तेही आले. शब्द लक्षात घ्या, 'विकत घेणं' नाही, 'बाळगणं'. रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणं हेसुद्धा त्यात येतं. ऑफिसच्या टीम आउटिंगला रेंजवर जाणं इथे बोलिंगला जाण्याइतकं नेहमीचं आहे. काउंटरवरचा माणूस तुमचं ड्रायव्हिंग लायसन्स बघतो, व्हिसा बघेलच असं नाही. त्यामुळे सगळ्यांना वाटतं, दिली म्हणजे चालतं. फ्लोरिडात रेहाइफ नावाचा एक विद्यार्थी होता. विद्यापीठाने काढून टाकल्यावर त्याचा स्टेटस गेला. तो रेंजवर गेला, दोन बंदुका चालवल्या आणि त्यावरून खटला उभा राहिला. २०१९ मध्ये तो सुप्रीम कोर्टात जिंकला, पण मुद्दा एवढाच होता की आपला स्टेटस गेला आहे हे त्याला माहीत होतं हे सरकारने सिद्ध करायला हवं होतं. आपला व्हिसा कोणता हे आपल्याला माहीत नव्हतं, असं आपल्यापैकी कोण म्हणू शकेल? शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे. शिवाय बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येतं. ग्रीन कार्डवाल्यालासुद्धा.

यात काही अपवाद आहेत. आपल्या कामाचा एकच, तो म्हणजे शिकारीचा परवाना. कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर एच-वनवाल्याला बंदूक घेता येते आणि ठेवता येते. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला त्यासाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. पण ते लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं. नवीन काढायला विसरलात तर १ सप्टेंबरच्या सकाळी कपाटातली तीच बंदूक बेकायदा होते. कारच्या इन्स्पेक्शनची तारीख विसरणारे आपण, तेव्हा फोनमध्ये रिमाइंडर लावूनच ठेवा. ग्रीन कार्ड हातात असेल तर हा सगळा प्रश्नच येत नाही. कार्डाचा अर्ज नुसता 'पेंडिंग' असेल तर मात्र इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

हे सगळं ऐकल्यावर त्या मुलाचा पुढचा प्रश्न आलाच. "मग दादा, तुम्ही तर सिटिझन. तुमच्या नावावर घ्या, पैसे मी देतो."

आपल्याकडे गाडी काकांच्या नावावर, फ्लॅट मेहुण्याच्या नावावर असं चालतं. म्हणून हे सुचणं साहजिक आहे. इथे याला स्ट्रॉ परचेस म्हणतात. डीलरकडे जो ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात स्पष्ट विचारलेलं असतं की खरा घेणारा तुम्हीच आहात का. अब्राम्स्की नावाच्या एका माजी पोलिसाने आपल्या काकांसाठी ग्लॉक घेतलं, कारण त्याला पोलिसांची सवलत मिळत होती. काका स्वतः बंदूक घ्यायला पूर्ण पात्र होते! तरीही फॉर्मवर खोटं लिहिलं म्हणून शिक्षा झाली आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती पाच विरुद्ध चार अशी कायम केली. २०२२ पासून तर स्ट्रॉ परचेस हा स्वतंत्र केंद्रीय गुन्हाच केला आहे. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तुझ्यासाठी मी एअरपोर्टला पहाटे चार वाजता येईन, पण हे करणार नाही.

आता ज्यांना घेता येते त्यांच्याकडे येतो.

'ऑनलाइन बंदूक' म्हटलं की गावाकडच्या नातेवाइकांना वाटतं, अमेझॉनच्या खोक्यासारखी दारात येऊन पडते. आपल्याकडे परवान्यासाठी कलेक्टर कचेरीच्या खेपा आणि निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, अशी रीत. त्यामुळे त्यांचं चुकत नाही. पण प्रत्यक्षात दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडून बंदूक घेतली तर ती तुमच्या घरी येऊच शकत नाही. ती तुमच्या राज्यातल्या परवानाधारक डीलरकडे जाते. तिथे तुम्ही ४४७३ भरता, डीलर एफबीआयच्या यंत्रणेत तुमची चौकशी करतो, ती पार पडली की बंदूक हातात. डीलर याचे साधारण २५ ते ५० डॉलर घेतो, कुठे जास्तही. गनब्रोकरसारख्या लिलावाच्या साइटवर १९९९ पासून हा व्यवहार चालू आहे.

राज्याराज्यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. टेक्सासमध्ये एकाच राज्यातले दोन रहिवासी चौकशीशिवाय आपसात व्यवहार करू शकतात. न्यू जर्सीत आधी खरेदीचं ओळखपत्र आणि प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळा परमिट. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड. कॅलिफोर्नियात १० दिवसांची वाट आणि पिस्तुलांची सरकारमान्य यादी. यादीत नसलेलं पिस्तूल बाहेरच्या राज्यातून मागवलंत तर तिथला डीलर ते तुम्हाला देऊ शकत नाही. पैसे गेलेले, माल डीलरच्या तिजोरीत, आणि परत पाठवायचा खर्च तुमचा. म्हणून बोली लावण्याआधी आपल्या डीलरला फोन करा.

आता फायदा काय ते सांगतो. एमबीएला आम्हाला जॉर्ज अकरलॉफचा १९७० चा 'लेमन्स'वरचा निबंध होता. जुन्या गाड्यांच्या बाजारात विकणाऱ्याला सगळं माहीत असतं, घेणाऱ्याला काहीच नाही, म्हणून चांगल्या गाडीलाही खराब गाडीचा भाव येतो, असं त्याचं थोडक्यात म्हणणं. वर्गात ते नुसतं परीक्षेपुरतं वाचलं होतं. जुन्या बंदुकांच्या बाजारात आलो तेव्हा खरं कळलं. बंदूक ही गाडीपेक्षा फार टिकाऊ वस्तू आहे. पुष्कळ लोक हौसेने घेतात, चार-दोनदा चालवतात आणि कपाटात ठेवून देतात. वीस वर्षं जुनी शॉटगन आतून जवळपास नवी असू शकते, आणि भाव मात्र 'जुनी' म्हणून पडलेला. माझ्या दुनळीला अक्रोडाचा असा दस्ता आहे की तसं लाकूड आज नव्या बंदुकीत घ्यायचं तर मी आणखी निदान हजार डॉलर मोजले असते. तुम्हाला पारख असेल तर फायदा तुमचा. नसेल तर लिंबू तुमच्या घरी.

माझ्या घरी जवळजवळ आलंच होतं. पहिल्यांदा जी दुनळी मी लिलावात जिंकली, तिच्या वर्णनात 'एक्सलंट' लिहिलं होतं. बारा फोटो, सगळे मखमलीवर. डीलरच्या काउंटरवर मी ती हातात घेतली, नळ्या बंद केल्या आणि दस्ता धरून हलवलं तर बिजागरीत बारीकशी खुळखुळ. आमच्या क्लबातले एक वयस्कर गृहस्थ मुद्दाम बरोबर आले होते. त्यांनी नळ्या आणि बॉडीच्या मध्ये उजेड धरून फट दाखवली, मग दस्त्यावर, धातूच्या मागे, केसाएवढी चीर. फोटोंमध्ये नेमका तो कोन कुठेच नव्हता. मी ४४७३ भरायच्या आधीच डीलरला म्हटलं, परत पाठवा.

ही वेळ फार महत्त्वाची आहे. बऱ्याच विक्रेत्यांची तीन दिवसांची तपासणीची सवलत असते, पण बंदूक तुमच्या नावावर झाली किंवा एक गोळी जरी झाडली तरी ती संपते. म्हणजे तपासायचं ते काउंटरवर, सहीच्या आधी. माझे पैसे परत आले, दोन्हीकडचा पाठवणीचा खर्च मात्र अंगावर बसला. ट्यूशन फी समजलो.

बघायचं काय? प्रथम ती रिकामी आहे ना, ते स्वतः बघा. डीलरने सांगितलं तरी. मग नळीत उजेड टाकून आतून बघा. गंजाचे खड्डे दिसले, किंवा एखाद्या ठिकाणी गोल सावलीसारखी कडी दिसली, तर सोडून द्या. आत गोळी अडकलेली असताना दुसरी झाडली की नळी अशी फुगते. रिव्हॉल्व्हरचा घोडा सावकाश ओढून सिलिंडर प्रत्येक घराला पक्कं बसतंय का बघा. चाप फारच हलका लागला तर कुणीतरी घरी कानस मारली असण्याची शक्यता धरा. फार जुन्या दुनळीच्या नळीवर वेटोळ्यांची नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी. त्या जुन्या काळ्या दारूच्या दिवसांतल्या, आजचं काडतूस त्यात घालू नका. भिंतीवर छान दिसते, तिथेच ठेवा.

आणि रिकॉल. २०१४ मध्ये रेमिंग्टनने मॉडेल ७०० रायफलींचा एक प्रकारचा चाप परत मागवला, कारण चाप न ओढताही गोळी सुटू शकत होती. २०१७ मध्ये सिग सॉअरने पी-३२० पिस्तुलांसाठी ऐच्छिक सुधारणा जाहीर केली. जुनी घेताना आधीच्या मालकाने ते काम करून घेतलं होतं का, हे तुम्हाला कोण सांगणार? सिरियल नंबर मागून कंपनीकडे विचारा. दहा मिनिटांचं काम आहे.

चोरीच्या मालाचा धोका जास्त गंभीर. चोरीच्या बंदुकांची देशभराची यादी पोलिसांकडे असते, तुम्हा-आम्हाला ती उघडून बघता येत नाही. पार्किंग लॉटमध्ये रोख देऊन घेतलेली बंदूक उद्या चोरीची निघाली तर पोलीस ती घेऊन जातात, तुमचे पैसे बुडतात आणि वर जाबजबाब. म्हणून टेक्सासमध्ये कायद्याने गरज नसली तरी मी ओळख नसलेल्या माणसाशी व्यवहार डीलरमार्फतच करतो. जो विक्रेता त्याला नाही म्हणतो, त्याला मीही नाही म्हणतो.

फसवणुकीच्या साइट्सबद्दल आयटीवाल्याने आयटीवाल्यांना काय सांगायचं, पण आपलेच लोक फसतात. भाव निम्मा, पैसे फक्त झेल किंवा क्रिप्टोने, साइट तीन आठवड्यांपूर्वी नोंदवलेली, आणि 'थेट घरपोच पाठवतो' असं आश्वासन. हे शेवटचं ऐकलं की तिथेच थांबा. तो एकतर चोर आहे किंवा तुम्हाला गुन्ह्यात ओढतो आहे. विक्रेता डीलर असेल तर त्याचा परवाना नंबर एटीएफच्या ईझी चेक पानावर तपासता येतो. खासगी असेल तर बंदुकीशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून नवा फोटो मागा. ज्याच्याकडे वस्तूच नाही तो इथे गप्प होतो.

घरात आणल्यावरचं थोडं. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. आपण चोराचा विचार करून बंदूक घेतो, कॉलेजच्या अर्जांच्या दिवसांत खोलीचं दार लावून बसलेल्या मुलाचा विचार करत नाही. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती तुमच्या निष्काळजीपणामुळे भरलेली बंदूक लागली तर तो तुमचा गुन्हा आहे. आमच्याकडे तिजोरी आधी आली, बंदूक नंतर. बायकोची ती अटच होती. घरात कुणी एच-फोरवर असेल किंवा आई-बाबा सहा महिने राहायला आले असतील, तर तिजोरीचा आकडा त्यांना माहीत असू नये. सासऱ्यांना बंदूक हातात घेऊन फोटो हवा होता. मी त्यांना काउबॉय हॅट घालून फोर्ट वर्थच्या बैलांबरोबर फोटो काढून दिला.

आणि भारतात जाताना रेंजवरची बॅग प्रवासाला वापरू नका. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर निघालं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. 'जाणूनबुजून बाळगलं नव्हतं' म्हणून कोर्टात सुटलेले लोक आहेत, पण तोवर सुट्टी, विमान आणि कदाचित लग्नही हुकलेलं असतं. माझी रेंजची बॅग भडक नारिंगी आहे आणि गॅरेजच्या बाहेर जाते ती फक्त रेंजवर.

त्या मुलाने सध्या हंटर एज्युकेशनच्या कोर्सला नाव घातलंय. ४०० डॉलरचं पिस्तूल दोन दिवसांत दुसऱ्या कुणी तरी उचललं. परवा तो म्हणाला, "दादा, कोर्स झाल्यावर तुमच्याबरोबर एकदा तबकड्या बघायला येतो. नुसता बघायला." ये म्हटलं. लायसन्स मिळेपर्यंत स्कोअर लिहायला कुणीतरी हवंच होतं.