बॅटर्सीचे मुंबईकर खासदार

लंडनच्या बॅटर्सी नॉर्थ मतदारसंघातून १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये मजूर पक्षाचा जो उमेदवार निवडून आला, तो मुंबईत जन्मलेला पारशी होता, जमशेटजी टाटांचा सख्खा भाचा होता आणि विचारानं पक्का कम्युनिस्ट होता. शापूरजी सकलातवाला हे त्यांचं नाव. दादाभाई नौरोजी आणि मंचेरजी भावनगरी यांच्यानंतर कॉमन्स सभागृहात पोहोचलेले ते तिसरे पारशी. दादाभाईंचं नाव आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. सकलातवालांचं नाव मात्र त्यांच्या जन्मगावीही क्वचितच ऐकू येतं, आणि हे मनाला लागतं; कारण हिंदुस्थानच्या पूर्ण स्वातंत्र्याची मागणी त्यांनी साम्राज्याच्या थेट उंबरठ्यावर, तीही तिथल्या कामगारांच्या मतांवर निवडून येऊन केली.

जन्म २८ मार्च १८७४ चा. आई जेरबाई ही जमशेटजींची बहीण. फोर्टातल्या टाटांच्या एस्प्लनेड हाउसमध्ये वाढलेल्या या मुलाला पैशाची ददात नव्हती. पण १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि शहराचं दुसरं रूप त्यांना जवळून दिसलं. प्लेगची लस शोधणारे डॉ. हाफकिन यांच्यासोबत त्यांनी साथीत काम केलं. मरण सगळ्यात जास्त कुठं होतं, तर एकेका खोलीत दहा-बारा माणसं दाटीवाटीनं राहणाऱ्या गिरणगावासारख्या वस्त्यांत. पुढे मामांच्या लोखंडाच्या स्वप्नासाठी त्यांनी मध्य प्रांत आणि ओरिसाच्या जंगलांत खनिजाचा शोध घेतला. त्या भटकंतीत मलेरियानं प्रकृती ढासळली आणि १९०५ साली टाटांनी त्यांना इंग्लंडला पाठवलं.

डर्बीशरमधल्या मॅटलॉकला उपचार घेत असताना तिथं काम करणाऱ्या सॅली मार्श या साध्या घरच्या मुलीशी त्यांची ओळख झाली. १९०७ मध्ये दोघांनी लग्न केलं. सुरुवातीला उदारमतवाद्यांच्या क्लबात रमलेले सकलातवाला १९०९ मध्ये इंडिपेंडंट लेबर पार्टीत गेले आणि १९२१ मध्ये कम्युनिस्ट पक्षात. गंमत अशी, की या सगळ्या काळात पोटापाण्याची नोकरी टाटांच्याच कंपनीत होती. ती त्यांनी १९२५ मध्ये सोडली.

त्यांना मतं देणारं बॅटर्सी होतं तरी कसं? रेल्वेची वर्कशॉपं, गॅसचे कारखाने, भाड्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबं. जॉन आर्चर हे कृष्णवर्णीय गृहस्थ १९१३ मध्येच तिथं महापौर झाले होते. सकलातवालांच्या प्रचाराची सूत्रं त्यांनीच सांभाळली. कातडीच्या रंगापेक्षा माणूस कुणाच्या बाजूनं उभा आहे हे पाहणारी ती वस्ती होती. १९२३ मध्ये ते थोडक्या मतांनी पडले, पण १९२४ मध्ये उघडपणे कम्युनिस्ट म्हणून उभे राहून पुन्हा जिंकले.

सभागृहात आणि सभांमध्ये त्यांनी मांडलेला मुद्दा आजही मला त्यांच्या कामाचा गाभा वाटतो. इंग्रज कामगारापुढे त्यांनी दयेची याचना केली नाही. ते त्याला त्याच्याच पगाराचा हिशेब दाखवत. स्कॉटलंडमधलं डंडी हे तागाच्या गिरण्यांचं गाव. पुढे ब्रिटिश भांडवलानं हुगळीच्या काठी गिरण्या उभारल्या, तिथं मजुरी अगदी तुटपुंजी आणि संघटनेला ना हक्क ना संरक्षण. तिथला माल स्वस्त पडला आणि डंडीतले कामगार रिकामे बसू लागले. म्हणजे बंगालमधल्या मजुराची गुलामी हा डंडीतल्या मजुराच्याही घरचा प्रश्न होता. साम्राज्यामुळे आपलं भलं होतं, या तिथल्या कामगाराच्या समजुतीवर हा नेमका घाव होता. आयर्लंडबद्दलही त्यांची भूमिका तीच राहिली; अर्धवट स्वातंत्र्याच्या विधेयकाला त्यांनी विरोध केला.

सरकारला हा माणूस खुपत होता. १९२५ मध्ये खासदारांच्या शिष्टमंडळासोबत अमेरिकेला जायचं ठरलं, तर अमेरिकेनं त्यांचा व्हिसा रद्द केला. १ मे १९२६ ला हाइड पार्कच्या सभेत, सार्वत्रिक संपाच्या तोंडावर, कामगारांवर गोळ्या झाडू नका असं आवाहन त्यांनी सैनिकांना केलं. अटक झाली. चांगल्या वर्तणुकीची हमी द्या आणि सुटा, असं कोर्टानं सांगितलं. त्यांनी नकार दिला आणि दोन महिने वर्मवुड स्क्रब्जच्या तुरुंगात काढले.

१९२७ च्या जानेवारीत ते मुंबईत उतरले. देशभर सभा झाल्या, माणसं लोटली. याच दौऱ्यात त्यांनी गांधीजींना जाहीर पत्र लिहिलं: चरख्यानं काही साधणार नाही, कामगार-शेतकऱ्यांच्या संघटना बांधा, आणि लोकांना पाया पडू देऊ नका. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त सविस्तर उत्तर देऊन मतभेद स्पष्ट केले, पण त्यांची तळमळ मान्य केली. मला वाटतं, पाया पडण्याबद्दल सकलातवाला बरोबर होते. खेड्याबद्दल मात्र ते घाईनं बोलले. वीसेक वर्षं परदेशात राहिलेल्या माणसाला चरख्यामागचं बिगरहंगामी रिकामपण आणि उपासमार पुरती दिसली नव्हती.

त्याच वर्षी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये त्यांनी आपल्या पाचही मुलांची नवजोत, म्हणजे पारशी धर्मदीक्षा, केली. कम्युनिस्टानं मुलांना सदरा-कस्ती घालावी, हे पक्षाला रुचलं नाही आणि जाहीर टीका झाली. त्यांनी ती सोसली. आई परधर्मी असली तरी मुलं पारशीच, ही गोष्ट त्यांना समाजापुढे उघडपणे मांडायची होती. आर. डी. टाटांच्या फ्रेंच पत्नीला पारशी मानायचं का, यावरून मुंबई हायकोर्टात गाजलेला खटला तेव्हा फार जुना झाला नव्हता, हे लक्षात घेतलं की या कृतीचं वजन कळतं.

हिंदुस्थानच्या दौऱ्याचा परिणाम लगेच दिसला: ब्रिटिश सरकारनं त्यांच्या पासपोर्टवरून हिंदुस्थानला जाण्याची मुभाच काढून घेतली. ते तिकडे सायमन कमिशनविरुद्ध बोलत राहिले, मीरतच्या खटल्यातल्या कामगार पुढाऱ्यांसाठी झटत राहिले. इकडे यायला मात्र बंदी. १९२९ मध्ये मजूर पक्षानं त्यांच्याविरुद्ध आपला उमेदवार दिला आणि ते हरले. मजूर पक्षाचं सरकार आलं, तरी बंदी उठली नाही. जन्मभूमीचं दर्शन पुन्हा झालंच नाही.

१६ जानेवारी १९३६ ला लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. त्यानंतर वर्षभरातच स्पेनमध्ये फ्रँकोविरुद्ध लढायला गेलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांनी आपल्या तुकडीला ‘सकलातवाला बटालियन’ असं नाव दिलं. वृत्तपत्रांत मात्र ते रुळलं नाही, ‘ब्रिटिश बटालियन’ हेच चाललं.