३.३ व्होल्टचा इशारा, ४१५ व्होल्टची मोटार; मोबाइल स्टार्टरमधला ट्रान्झिस्टर नेमकं काय करतो?

गेवराई : शेतीपंपाला थ्री फेज वीज पाळीने मिळते. पाळी रात्रीची असली की उसाला पाणी देण्यासाठी अंधारात विहीर गाठावी लागते. म्हणूनच गोदाकाठच्या आणि जायकवाडीच्या उजव्या कालव्यालगतच्या शेतांना सिम कार्डवर चालणारा मोबाइल स्टार्टर सोयीचा ठरतो. घरून फोन केला की मोटार सुरू. पण कधी लाइट असते, रेंज असते, फोनही लागतो आणि मोटार मात्र सुरू होत नाही. अशा वेळी अख्खा डबा बदलण्याआधी आतला ट्रान्झिस्टर तपासलेला बरा.

चिप आणि रिले यांच्यात अडचण काय?

अशा डब्यातल्या बऱ्याच चिप ३.३ व्होल्टवर चालतात. ३.३ म्हणजे ‘चालू’, शून्य म्हणजे ‘बंद’. पुढच्या रिलेला मात्र १२ व्होल्ट आणि साधारण ३० मिलिअँपिअर लागतात. चिपची तार थेट रिलेला जोडली तर रिले ओढत नाही, शिवाय चिप जळू शकते.

मध्ये ट्रान्झिस्टर बसतो तो यासाठी. कालव्याचे दार उघडायला हाताचा जोर पुरतो, वाहणारे पाणी मात्र धरणाचे असते, तसेच हे. ‘बीसी ५४७’च्या बेसला एक हजार ओहमच्या रेझिस्टरमधून ३.३ व्होल्ट दिले की अडीच मिलिअँपिअर प्रवाह जातो. तेवढ्यावर ट्रान्झिस्टर रिलेचे ३० मिलिअँपिअर सोडतो. रिले स्टार्टरच्या हिरव्या बटणाचे काम करतो आणि ४१५ व्होल्टची मोटार फिरते. दोन्ही सर्किटची मायनस तार मात्र एकच हवी. ती जोडायची राहिली तर बाकी सगळे बरोबर असूनही काही चालत नाही.

रिलेऐवजी पुढच्या सर्किटला नुसता १२ व्होल्टचा सिग्नल हवा असेल, तर कलेक्टरला रेझिस्टरमधून १२ व्होल्ट देतात. इथे उलटे घडते: आत ३.३ आले की बाहेर शून्य. सुलटे करायला दुसरा ट्रान्झिस्टर लागतो.

बिघाड कसा ओळखायचा?

रिले बंद होताना त्याची कॉइल उलटा, मोठा झटका देते. तो जिरवायला कॉइलवर उलटा डायोड असतो. तो खराब झाला की पाठोपाठ ट्रान्झिस्टर जातो.

डबा मेन लाइनपासून पूर्ण सोडवून, टेबलावर १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरच तपासावा. ‘चालू’ सिग्नल असताना बेसच्या पायावर सुमारे ०.७ आणि कलेक्टरवर ०.२ व्होल्टच्या आसपास दिसले तर ट्रान्झिस्टर ठीक. दोष रिलेत किंवा पुढे. बेसवर पूर्ण ३.३ दिसले तर ट्रान्झिस्टर गेला. सिग्नल नसतानाही कलेक्टर शून्याजवळ आणि रिले ओढलेला असेल, तर तो आतून शॉर्ट झालेला असू शकतो. हा बिघाड जास्त धोक्याचा, कारण लाइट येताच मोटार आपोआप सुरू होते, विहिरीत पाणी असो वा नसो.

नवा ‘बीसी ५४७’ काही रुपयांत मिळतो. सपाट बाजू समोर, पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुसऱ्या नंबरचा बसवायचा असेल तर त्याच्या पायांचा क्रम आधी पाहावा.