पवनारची पांढरी

पवनारला जाणारा वाटसरू धाम नदीकांठचा आश्रम पाहून परततो. गांवांतील उंच पांढरी मात्र पाहावयाची राहून जाते. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची माती. घरें पडतात, त्यांच्याच मातीवर नवीं उभीं राहतात आणि शतकानुशतकें जमीन चढत जाते. म्हणून असें गांव वरून खालीं वाचावें लागतें.

आजच्या घरांखालीं मोंगली अमल आहे. अकबराच्या काळीं पवनार हें वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचें, ठाणें होतें. वर्धा शहर त्यामानानें कालचें. तें पालकवाडी या खेड्याच्या जागीं १८६६ सालीं वसलें.

त्याखालीं वाकाटकांचा काळ. पांचव्या शतकांतील दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें. कांहीं विद्वान् तो मान मनसरला देतात. 'सेतुबंध' हें महाराष्ट्री प्राकृतांतील रामकथेचें काव्य याच राजाचें मानतात. विनोबा १९३८ सालीं येथें आले. पुढें जमीन खणतांना भरत-रामभेटीचें शिल्प निघालें! १९६७ सालीं नागपूर विद्यापीठानें उत्खनन केलें, तेव्हां वाकाटकांपूर्वींच्या वस्तीच्याही खुणा मिळाल्या.

पांढरीची माती भिंतींसाठीं व शेतासाठीं उचलण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. परंतु प्रत्येक पाटीबरोबर या ग्रंथाचें एक पान जातें. तेथें खापराचा तुकडा दिसला, तर अवश्य न्याहाळावा. पण जागचा हलवूं नये. थरांतून उचललेलें खापर मुकें होतें.